तपासणीसाठी एक पदवीधर पाठवावा

सॅम्पल बघितल्याशिवाय मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. लग्न सोडून, असं बायको म्हणते. पण तेव्हा मला नोकरी लागायची होती, अनुभव नव्हता, त्यामुळे तो मुद्दा मी धरत नाही.

मी एका मोठ्या रुग्णालयाचा भांडारपाल आहे. एकोणतीस वर्षं. चादरी, बादल्या, स्टुलं, स्ट्रेचर, उशांचे अभ्रे, सगळं माझ्या सहीने आत येतं. बादलीचं सॅम्पल आलं की आम्ही ती काठोकाठ भरून चोवीस तास कडीला टांगून ठेवतो. चादर दहा वेळा धुतो. स्टूल आलं की आमचे टायपिस्ट त्यावर बसतात आणि दोन्ही बाजूंना डुलतात. टायपिस्टांचा देह भारदस्त आहे, आणि या कामाचा त्यांना अभिमान आहे. एकदा, फक्त एकदा, वरून घाई झाली म्हणून मी सॅम्पल न बघता चारशे बेडपॅन मागवले होते. त्या आठवड्याबद्दल मी अजूनही कुणाशी बोलत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे मुलगी बारावी झाली आणि म्हणाली, ‘बाबा, मला बिझनेस शिकायचाय. बीबीए करणार.’

मी खुर्चीत बसलो होतो म्हणून बरं. आमच्या घराण्यात आजवर कुणी धंदा केलेला नाही. माझे वडील पेन्शनीत गेले, काका पेन्शनीत गेले, एक आत्या तर पेन्शन घेत घेत नव्वदीला पोचली. धंदा हा शब्द आमच्या घरी फक्त ‘दुसरा काही धंदा नाही का तुला’ या वाक्यात वापरला जातो. तरी मी शांत राहिलो. जमाना बदललाय, हे मीही ऐकून आहे. म्हटलं, ठीक आहे, शीक, पण कॉलेज मी निवडणार. खरेदीतलं तुला काय कळतं?

ती काहीतरी म्हणायला गेली. मी हात वर केला. गप्प बसली बिचारी.

पाच कॉलेजांची माहितीपत्रकं आणली. पाचही गुळगुळीत, जाड कागदाची. पाचही कॉलेजं पहिल्या क्रमांकाची. दुसऱ्या क्रमांकाचं कॉलेज या शहरात नाहीच, असं दिसलं. आणि मग मला तो पहिला धक्का बसला. पाचही पत्रकांवर फोटो एकच होता! चार मुलं एका लॅपटॉपभोवती जमून हसताहेत, त्यात चष्मेवाली एक मुलगी सगळ्यात जास्त हसतेय. तीच मुलगी, तोच चष्मा, तोच लॅपटॉप, पाच ठिकाणी. इतकं हसू येण्यासारखं लॅपटॉपमध्ये काय होतं, हा प्रश्न वेगळाच. मी भिंग आणून पाहिलं. चष्म्याच्या दांडीवरचा ओरखडासुद्धा तोच.

‘फोटोवर जाऊ नका,’ वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्याही घरी कुठलंही पाकीट आलं की पाठोपाठ तेही येतात. ‘कॉलेजचं सोडा. तिथून काय माल बाहेर पडतो ते बघा.’

हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. बरोबर आहे! बादली घेताना आपण कारखान्याची इमारत बघत नाही, बादली बघतो. मी त्याच संध्याकाळी पत्राचा मसुदा केला. ‘महोदय, विषय : पदवीधर तपासणीसाठी सादर करणेबाबत. आपल्या संस्थेत व्यवस्थापन शाखेची पदवी पूर्ण केलेला एक (१) पदवीधर सुस्थितीत, येत्या शनिवारी अथवा रविवारी, खालील पत्त्यावर तपासणीसाठी पाठवावा. तपासणीअंती परत केला जाईल.’ बायकोने वाचलं. ‘अहो, लोकांची मुलं आहेत ती,’ म्हणाली. म्हणून मी ‘वाहतुकीत मोडतोड झाल्यास संस्था जबाबदार’ हे वाक्य काढून टाकलं.

माझं अक्षर चांगलं असलं तरी टाइप केलेल्या पत्राला वजन असतं. म्हणून मसुदा टायपिस्टांना दिला, घरचं काम आहे, घरचाच कागद वापरा, असं बजावून. त्यांनी कागद घरचाच वापरला. माणूस प्रामाणिक. पण बावीस वर्षांचा हात! पत्र संपलं की तो आपोआप उजवीकडच्या शिक्क्याकडे जातो. त्यांनी पाचही पत्रांवर जावक क्रमांक टाकला, रुग्णालयाचा गोल शिक्का मारला, आणि मी न वाचता सह्या केल्या, कारण शिक्का दिसला की माझाही हात आपोआप सही करतो. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं, की दोन कॉलेजं सोडता तिघांनी उलट टपाली होकार कळवला, म्हणजे व्यवस्थापन चोख दिसतंय.

शनिवारी सकाळी अकराला पहिला आला. टाय, चकचकीत बूट, हातात फाइल. मी दार उघडताच त्याने माझा हात असा काही दाबला की मला वाटलं तपासणी माझीच चालू झाली. तपासणी समितीत मी आणि पोस्टमास्तर. बायको चहापुरती. मुलगी आतल्या खोलीत. सॅम्पल निवडताना वापरणाऱ्याला बाहेर ठेवायचं, हा नियमच आहे. आम्ही उशा घेताना रुग्णांना कुठे विचारतो?

मी त्याला साधा प्रश्न घातला. ‘आमच्याकडे स्टुलांचे पाय डुगडुगतात. काय करशील?’

‘सर,’ तो पुढे सरकून म्हणाला, ‘आधी आपण स्टूल या संकल्पनेकडेच नव्याने बघायला हवं.’

‘का?’

‘कारण लोकांना स्टूल नको असतं सर. लोकांना बसण्याचा अनुभव हवा असतो.’

एकोणतीस वर्षं मी स्टुलं घेतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढची वीस मिनिटं तो बोलला, आणि खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड वाटलं, पण शेवटी डुगडुगणारा पाय होता तिथेच होता. मग पोस्टमास्तरांनी त्याला एक कोरं पाकीट दिलं आणि स्वतःच्या घरचा पत्ता लिहायला सांगितला. त्याने लिहिला. पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, पाकीट उजेडात धरलं आणि ते पांढरेफटक पडले.

‘पिन कोड नाही,’ ते हळूच म्हणाले. ‘पदवीधर आहे, आणि पिन कोड नाही.’

पहिलं सॅम्पल नापास.

जाताना त्याने विचारलं, ‘सर, पुढची फेरी कधी?’ मला वाटलं, असेल आजकालची बोलायची पद्धत. मी ‘कळवू’ म्हटलं.

रविवारी सकाळी दुसरा आला. हा अगदी उलटा. बोलतच नव्हता. नवा कोरा शर्ट, कॉलरला अजून दुकानातली टाचणी. स्टुलाचं विचारलं तर म्हणाला, ‘पाय बघून सांगतो.’ उत्तर मला आवडलं. पण पुढे काहीच नाही. पाकिटावर पत्ता लिहिला, पिन कोडसकट, तर पोस्टमास्तर म्हणाले अक्षर लहान आहे. पास होऊन किती वर्षं झाली, विचारलं तर ‘चार’ म्हणाला. आणि सध्या काय चाललंय, तर तो बिस्किटाकडे बघत राहिला. निघताना दारात थांबून त्याने विचारलं, ‘रुजू कधी व्हायचं?’

मी हसलो. विनोदी दिसतोय, असं वाटलं. ‘व्हा उद्याच!’ म्हणालो. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्यासाठीच.

चार वाजता तिसरी आली. हेल्मेट काखेत, हातात आमचं पत्र. चपला काढता काढता पत्राकडे पुन्हा बघून ती खोखो हसली. असं हसणारं सॅम्पल आम्हाला अपेक्षित नव्हतं. मी घसा साफ करून स्टुलाचा प्रश्न काढणार, तोच तिने विचारलं, ‘काका, कॉलेजात जायचंय कुणाला?’

‘मुलीला.’

‘कुठेय ती?’

‘आत आहे. पण तिचा इथे काही संबंध नाही.’

तिने माझ्याकडे पाहिलं, पोस्टमास्तरांकडे पाहिलं, आणि सरळ आत गेली. दार लागलं. सव्वा तास! तपासणी समिती बाहेर, माल आत. मधूनच हसण्याचे आवाज, मधूनच काहीतरी ओढल्याचा आवाज. पोस्टमास्तर दोनदा पाणी प्यायला म्हणून दाराजवळून जाऊन आले, पण त्यांना नीट ऐकू येत नाही. शेवटी ती बाहेर आली, बायकोला ‘येते काकू’ म्हणाली आणि गेली. ना स्टूल, ना पाकीट. आमच्या तक्त्यात पोस्टमास्तरांनी तिच्यापुढे ‘अनुपस्थित’ असं लिहिलं. मी म्हटलं, अहो, ती आली होती. ते म्हणाले, तपासणीला नव्हती.

सोमवारी दहाला पाच कमी असताना मी भांडारात पोचलो तर दुसरं सॅम्पल माझ्या आधी तिथे हजर. शर्ट तोच, टाचणी काढलेली. अर्धी स्टुलं त्याने उलटी करून ठेवली होती आणि एकेकाचे पाय तपासत होता. मी काही बोलणार इतक्यात रुग्णालयाचे अधीक्षक फेरीवर आले. ते भांडारात वर्षातून एकदा येतात. ती वेळ हीच निघाली.

‘हा कोण?’ त्यांनी विचारलं.

तो उभा राहिला. आदबीने म्हणाला, ‘सर, मी सॅम्पल.’

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती जमीन रुग्णालयाची असल्याने मला तीही भरून द्यावी लागेल की काय, असं क्षणभर वाटलं. त्याने खिशातून पत्र काढून अधीक्षकांना दिलं. जावक क्रमांक, गोल शिक्का, माझी सही. तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. कॉलेजांना वाटलं होतं, रुग्णालयात भरती आहे! म्हणून तो टाय, म्हणून ती पुढची फेरी. टायपिस्टांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या मुलाला नोकरी नाही हे सांगायचं काम माझ्यावर आलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. एक स्टूल सरळ करून म्हणाला, ‘पायांची लांबी बरोबर आहे. खालचे रबर वेगवेगळ्या जाडीचे आहेत. म्हणून डुगडुगतात.’ मग म्हणाला, ‘आईने शर्ट मुद्दाम आणला होता,’ आणि गेला. मला लाज वाटली. चारशे बेडपॅनच्या वेळीही वाटली नव्हती एवढी वाटली. त्याचा बायोडाटा मी अधीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवला, पण त्या दिवशी माझ्या शिफारशीला काय किंमत असणार होती?

दुपारी मला नोटीस आली. ‘आपण रुग्णालयाचा शिक्का वापरून मनुष्य या वस्तूचा नमुना कोणत्या नियमाखाली मागवला, याचा लेखी खुलासा करावा.’ एकोणतीस वर्षांत माझ्याकडून कुणी टाचणीचा खुलासा मागितला नव्हता. मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो, पण चव लागली नाही.

खुलासा लिहिणं हे सोपं काम नाही. पहिल्या मसुद्यात मी सगळा दोष टायपिस्टांवर टाकला, मग मन खाऊ लागलं म्हणून फाडला. दुसऱ्यात स्वतःवर घेतला, तो वाचून मलाच स्वतःला बडतर्फ करावंसं वाटलं. पोस्टमास्तर म्हणाले, ‘अनवधानाने’ हा शब्द घाला, सरकारी आयुष्य त्या शब्दावर तरलेलं आहे. मी चार ठिकाणी घातला. बायको म्हणाली, एवढं अनवधान असलेल्या माणसाला भांडारात ठेवतील का? दोन काढले. असे सात मसुदे झाले, नऊ दिवस गेले. या काळात मुलगी दोनदा खोलीत आली होती. एकदा म्हणाली, ‘बाबा, जरा बोलायचं होतं.’ मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे, नंतर. दुसऱ्यांदा ती नुसती दारात उभी राहून गेली. मी मान वर केली नाही.

दहाव्या दिवशी खुलासा दिला. अधीक्षकांनी वाचला, ‘पुन्हा असं करू नका’ म्हणाले, आणि फाइल बंद केली. मी हलका होऊन घरी आलो. जिन्यात पोस्टमास्तर भेटले, हातात वर्तमानपत्र.

‘काय हो, मुलीचा अर्ज कुठे टाकलात शेवटी?’

‘आता बघतो निवांत. फेरतपासणी करावी म्हणतो.’

‘निवांत?’ त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. ‘अहो, काल शेवटची तारीख होती. पाचही ठिकाणची.’

दोन जिने मी कसे चढलो मला ठाऊक नाही. एक वर्ष! मुलीचं एक आख्खं वर्ष मी स्टुलांच्या पायांत घालवलं होतं. कपाळाला हात लावून मी सोफ्यावर कोसळलो आणि म्हणालो, ‘संपलं. सगळं संपलं. मी घात केला.’

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घालतच राहिली.

‘बाबा, आधी पाणी प्या,’ मुलगी म्हणाली. ‘माझा प्रवेश झालाय. आठ दिवस झाले.’

‘कुठे?’

‘तिसऱ्या ताई आल्या होत्या ना, त्यांच्या कॉलेजात. मुलाखत झाली, घेतलं मला. फॉर्मवर आईने सही केली.’

आधी मला आनंद झाला. मग लगेच अपमान झाला. दोन्ही एकदम आल्यावर माणसाने कुठला चेहरा करायचा, कळत नाही. ‘अगं, पण मला न सांगता? आणि त्या मुलीची तर तपासणीसुद्धा झाली नव्हती!’

‘त्यांनी मला विचारलं, बाबा.’ ती म्हणाली. ‘तुला काय करायचंय, कशासाठी शिकायचंय, असं. तुम्ही सगळ्यांना विचारलंत. वरच्या आजोबांना विचारलंत, टायपिस्टकाकांना कामाला लावलंत. त्या मुलांना स्टुलाबद्दल विचारलंत. मला नाही विचारलंत.’

खरं होतं ते. फार वाईट वाटलं. शेवटी विचारलं, ‘मग, काय करायचंय तुला?’

ती आत गेली आणि एक जाडजूड वही घेऊन आली. आमच्या भांडारात असते तशी, लांब रकान्यांची. वस्तू, कुणाला दिली, कधी दिली, परत कधी, शेरा. अडीच वर्षांच्या नोंदी. शिडी. ड्रिल मशीन. मोठी सूटकेस. घडीची खाट. शिवणयंत्र. घरात वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू ती बिल्डिंगमधल्या बत्तीस घरांना थोड्या भाड्याने देत होती. आधी घरातल्या, मग इतरांच्या घरात पडून असलेल्याही. कॉलेजात मुलाखतीला तिने हीच वही पुढे ठेवली होती. तिला हे सगळ्या गावात करायचं होतं.

मी पानं उलटू लागलो. पहिल्याच पानावर माझं ड्रिल मशीन. माझी शिडी! ‘वरचे आजोबा, शिडी’ अशा अकरा नोंदी. तपासणी समितीचे सदस्य! सगळी बिल्डिंग माझ्या वस्तू वापरत होती आणि मला ठाऊक नव्हतं. रुग्णालयातली प्रत्येक उशी मला पाठ आहे, आणि माझ्या घरचा माळा अडीच वर्षं रिकामा होता. माझा विश्वास बसेना. ‘मी आत्ता वर चढून बघतो,’ म्हणालो.

‘शिडी तळमजल्यावरच्या वहिनींकडे आहे,’ बायको म्हणाली. ‘उद्या सकाळी येईल.’

‘म्हणजे तुलाही माहीत होतं?’

‘शिवणयंत्र माझं आहे,’ ती म्हणाली.

मी चष्मा लावला आणि वही घेऊन बसलो. चूक शोधल्याशिवाय उठणार नव्हतो, एवढा तर माझा हक्क होता. पाऊण तास शोधत होतो. एक खाडाखोड नाही. एक वस्तू हरवलेली नाही. आमच्या भांडाराची नोंदवही मी इतक्या स्वच्छ मनाने कुणाला दाखवू शकलो नसतो. सांगायला हरकत नाही, छाती फुगली माझी, पण तोंडावर काही दिसू दिलं नाही. आणि शेवटी सापडली! ‘हे बघ,’ मी बोट ठेवलं. ‘वस्तू परत आली एवढंच लिहिलंयस. परत आल्यावर ती तपासून घेतल्याची सही कुठाय? उद्या कुणी मोडकं आणून दिलं तर?’

तिने पान पाहिलं, विचार केला. ‘हो की. हे राहिलंच,’ म्हणाली, आणि वहीत लगेच नवा रकाना आखला. मग पेन माझ्या हातात दिलं. ‘तुम्ही करा ना बाबा. तुमच्यासारखं तपासणारं दुसरं कोण आहे?’

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरून शिडी आली. मी गॅलरीत ती आडवी टाकून एकेक पायरी ठोकून पाहत होतो. खालची पायरी सैल वाटत होती आणि मी शेरा लिहायला वाकलो होतो. तेवढ्यात पोस्टमास्तर आले, खाट मागायला. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते. मला तिथे तसा वाकलेला पाहून ते क्षणभर ओशाळले, मग नेहमीसारखे सावरले.

‘बरं का,’ ते म्हणाले, ‘कॉलेजचं मनाला लावून घेऊ नका. मी बराच विचार केला. मुलीला पुढे काय करायला लावायचं, त्याचा माझ्याकडे एक उत्तम बेत आहे. सांगू?’

‘मला कशाला सांगताय?’ मी म्हटलं. ‘ती आत आहे. तिलाच विचारा.’